शांततेत उमटलेला आवाज

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते विचारू नका.

बेंगळुरूच्या आमच्या गायनमंडळात दर डिसेंबरला एक जुनं युरोपी समूहगान होतं. पन्नासएक गळे. मूळ कागद पाश्चात्त्य पद्धतीच्या, पाच रेघांवरच्या काळ्या ठिपक्यांच्या नोटेशनचे, आणि ते वाचता येणारे आम्ही जेमतेम सहा. बाकीच्यांसाठी सुशीलाक्कांनी ते सगळं सरगममध्ये उतरवलं होतं, शब्द कुणाला कन्नड लिपीत, कुणाला देवनागरीत. अक्का इथल्याच, कैक पिढ्यांच्या मराठी घरातल्या. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या. त्यांच्या वह्यांमुळेच ते गाणं आमचं झालं.

मग पुण्याहून आलेला निखिल संचालक झाला. त्याचा वह्यांवर विश्वास बसेना. म्हणाला, "सरगमवाले मात्रा मोजत नाहीत, अक्का."

"मोजतो की रे अण्णा. मनात मोजतो. तुझ्यासारखे हात नाही हलवत!"

सगळे हसले. तो नाही.

त्या गाण्यात अखेरच्या सुराआधी एक पूर्ण शांतता आहे. सगळे एकदम थांबतात. त्या वर्षी, भरल्या सभागृहात, त्या शांततेत एकच आवाज उमटला. बाईचा. आमच्या रांगेतून.

माझा.

ठिपके वाचणारी मी — माझा संशय कोणाला येणार? निखिलची नजर रांगेवरून फिरू लागली आणि मी... बोलले काहीच नाही. फक्त मान वळवून शेजारच्या अक्कांकडे पाहिलं. जरा दचकल्यासारखं. तेवढं पुरलं.

शेजारचा गळा ओळखू येत नाही का? अक्कांना कळलंच असणार. मग त्या गप्प का राहिल्या? मला वाचवायला — की मी बोलते का, ते पाहायला? आजही कोणी त्या वर्षीच्या रेकॉर्डिंगचा विषय काढला की मी त्याचा चेहरा निरखते. याला ठाऊक असेल?

पुढच्या वर्षी वह्या बंद झाल्या. अक्का यायच्या थांबल्या, आणि हळूहळू सरगमवाले सगळेच.

गेल्या महिन्यात निखिलनंच विचारलं, खाली मान घालून — एका चुकीसाठी आपण फारच कठोर झालो का? अक्कांना परत बोलवूया? तुम्ही शेजारी होतात, तुम्हीच सांगा.

मी म्हणाले, "नको. पुन्हा तेच करतील त्या."