समुद्राकडची कोपऱ्यातली खोली

केरळातल्या समुद्राकाठच्या एका हॉटेलवाल्याने आमची खोली ऐनवेळी दुसऱ्याला देऊन टाकली, ही गोष्ट आमच्या घरात पंधरा-सोळा वर्षं सांगितली जाते. ती खोटी आहे. ती खोली मी सोडली. स्वतः फोन करून. हे मी यंदापर्यंत कुणाजवळ बोललो नव्हतो. ज्यांना माहीत होतं त्यांना सांगायची गरज नव्हती, आणि जिला सांगायला पाहिजे होतं ती माझी बायको.

आमचं घर मानवतचं, कापूस आणि धान्याची आडत. बायको सेलूची. साखरपुडा पावसाळ्याच्या तोंडी झाला आणि लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं धरलं. मधल्या काळात मुलामुलीनं भेटायची आमच्यात पद्धत नव्हती, फोनवर बोलायला मात्र कुणाची ना नव्हती. पण मी मुळात कमी बोलणारा. दोन-चार दिवसांतच 'जेवण झालं का'च्या पुढं काय बोलावं ते सुचेना. तेव्हा तिनंच विषय काढला. लग्नानंतर केरळला जायचं ठरलेलं होतं: आधी डोंगरात मुन्नार, मग बोटीवरचं घर, आणि शेवटी समुद्र. तिथं राहायचं कुठं, ते तिनं अंगावर घेतलं.

सेलूच्या स्टेशनजवळ एक नेट कॅफे होता. तिथं बसून ती हॉटेलांचे फोटो बघायची आणि मला फोनवर वर्णन करून सांगायची. डोंगरातलं मोठं हॉटेल तिनं एका झटक्यात उडवलं, कारण सगळ्या फोटोंत पडदे लावलेले होते. "पडद्यामागं भिंत असंल, बघा तुमी," म्हणाली. चहाच्या मळ्यातली दोन खोल्यांची जागा धरली. बोटीत वरचा मजला उघडा पाहिजे, हे तिचंच. पण खरा जीव समुद्राकडच्या मुक्कामावर होता. तिनं समुद्र बघितलेला नव्हता. मीही नव्हता, पण मला त्याचं एवढं काही नव्हतं. तिची अट एकच: सकाळी डोळे उघडले की पलंगावरूनच पाणी दिसलं पाहिजे.

"फोटो गच्चीवरून काढतेत आणि खोलीचा म्हणून लावतेत," ती म्हणायची. "खिडकी पलंगाच्या कोणत्या अंगाला हाय, ते विचारा."

विचारायचं काम माझं. ते हॉटेल म्हणजे एका बाईचं राहतं घर, वरच्या मजल्यावर चार खोल्या. बाईंना माझ्यासारखंच मोडकं हिंदी यायचं. मी आडतीच्या मागच्या गोदामात पोत्यांवर बसून फोन लावायचो. खिडकी कुठल्या अंगाला, मधे नारळ येतो का, खालच्या रस्त्यावर गाड्या लावतात का. शेवटी त्या हसायला लागल्या. "कोने का कमरा," म्हणाल्या, "लड़की को बोलो, लेटे लेटे दिखेगा." ते तिला सांगितलं तर तिनं मला ते दोनदा परत म्हणायला लावलं. बायकोची आणि माझी खरी ओळख झाली ती या फोनांत. नंतरच्या संसारात आम्ही एवढं कधी बोललो नाही.

लग्नाला आठवडा राहिला असेल, थोरला भाऊ वडलांचा, म्हणजे आप्पांचा, विषय घेऊन गोदामात आला.

"तसं तुमी खालीच चाललात," दादा म्हणाला. "आप्पाला रामेश्वर करायचंय. लिंगपूजा झाल्याबिगर पाण्याचा घोट घेत न्हाईत, कुणाच्या भरवशावर पाठवावं त्यांना? मी घेऊन येतो मदुरैपर्यंत. मीच फिरवतो. तुमी नुसतं दर्शनाला या, आणि मग जावा तुमच्या समुद्रावर."

मी म्हणालो, खोली त्याच तारखांना आहे.

"पुढं ढकल. आईचं काय म्हणणं हाय ठाव हाय का? नवी सून देव न करता नुसती मौज करून आली तर आमच्यात चालत न्हाई."

मी बाईंना फोन केला. पुढं नाताळची गर्दी होती, कोपऱ्यातली खोली नव्हती. दादा म्हणाला, "मग सोड की. दुसरी मिळंल. अन् तिला आत्ताच सांगू नको, माहेरचे तोंड फुगवून बसतील. तिकडं गेल्यावर हॉटेलवाल्यानं घोळ केला म्हण. कोण बघायलंय?"

मी खोली सोडली. त्या बाईंनी एकच विचारलं, "शादी तो ठीक है ना?"

मुन्नार झालं. बोटीवर दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोला सांगितलं की हॉटेलवाल्यांनी दगा दिला, आता त्या दिवसांत आई-आप्पांबरोबर रामेश्वर करू. एवढं सांगून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी बोटीच्या टोकाला जाऊन बंद फोन कानाला लावला आणि मोठमोठ्यानं भांडलो. आयुष्यात मी कुणाशी तसं भांडलेलो नाही. ती मागून आली, माझा हात धरला. "जाऊ द्या हो. लोकांच्या पापाला तुमी कशाला जीव जाळता?"

मदुरैच्या स्टेशनवर आई आणि आप्पा गावातल्या दोन यात्रेकरू कुटुंबांबरोबर उतरले. दादा आलाच नव्हता. फोन केला तर म्हणाला, "जिनिंगला कापसाच्या गाड्यांची लाइन लागलीय, कसं येऊ? तू हायेस की." त्याला यायचं नव्हतंच, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. आप्पांना सोडून समुद्रावर परत जायचा प्रश्नच उरला नाही.

रामेश्वरला उतरलो ती धर्मशाळा. बायकांचा हॉल वेगळा, पुरुषांचा वेगळा. माझ्या बायकोनं पहिला समुद्र बघितला तो एका हातानं सासूचा दंड धरून, खांद्यावर दोघींच्या कोरड्या साड्या घेऊन. मी पलीकडे आप्पांचं धोतर सांभाळत उभा होतो. गर्दीतून तिनं मला हुडकलं आणि मान हलवून हसली, दिसला एकदाचा, अशा अर्थाचं.

दादानं मला फसवलं, हे मी पुढं कितीतरी वर्षं मनात धरून बसलो. ते खरंही आहे. पण त्या आडोशाला मी किती आरामात बसलो होतो, ते आता कळतं. कारण बायको ही गोष्ट सांगायला लागली. सणाला, बारशाला, पाहुणे आले की आमच्या ओट्यावर ती रंगवून सांगायची. हॉटेलवाला कसा लबाड निघाला, आणि तोंडातून शब्द न काढणारा तिचा नवरा बोटीवर कसा वाघासारखा भांडला. आई पदर तोंडाला लावून हसायची. दादा हसायचा. बायकोला वाटायचं, गोष्ट रंगली.

यंदा दादाच्या मुलीचं लग्न ठरलं. पोरगी अंदमानला जाणार, तीन बेटं, तीन मुक्काम. फोन घेऊन ओट्यावर आली. "काकू, तूच सांग कुठं राहू."

काकूनं चष्मा लावला आणि एकेक खोली तपासायला घेतली. "ही नको, खिडकी पायाकडं हाय." "ही बरी, पण बाहेर जनरेटर दिसायलाय." मी बाजूला बसून ऐकत होतो. तोच आवाज होता, नेट कॅफेतला. मग म्हणाली, "आमच्यागत फसू नको, बाई. ते आमचं हॉटेल हाय का गं अजून? बघ बरं."

होतं. तेच घर, रंग नवा. पोरीनं दाखवलं, लोक तिथं आपलं मत लिहितात, चांदण्या देतात.

"एक चांदणी दे," बायको म्हणाली. "आणि लिही, नव्या जोडप्याला दगा दिला म्हणून."

"अगं काकू, आता?"

"मग काय झालं? फसवलं ते फसवलंच."

"टाक, टाक," झोपाळ्यावरून दादा म्हणाला. "लय हरामी माणूस होता तो!" आणि माझ्याकडं बघून डोळा मारला.

पुतणीनं लिहून टाकलं. मी शेजारीच बसलो होतो.

पुढच्या आठवड्यात उत्तर आलं. पुतणीनं वाचून दाखवलं. त्या बाईंच्या मुलानं लिहिलं होतं. तेव्हा आई घर चालवायची, ती आता नाही. तिनं कुणाला फसवलं असेल असं वाटत नाही, पण तुम्हाला दुःख झालं असेल तर आईच्या वतीनं माफी मागतो. कधीही या, कोपऱ्यातली खोली तुमची.

"बघा, किती मनाचा माणूस हाय," बायको मला म्हणाली. ती स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. "जाऊ या का हो? पोरीचं लग्न उरकलं की?"

तेव्हा मी सांगितलं. उभ्यानंच. बोटीवरच्या बंद फोनासकट.

ती मेथीची जुडी हातात धरून बसली. मग म्हणाली, "आत्याबाईला ठाव होतं?" माझ्या आईला ती आत्याबाई म्हणते.

"होतं."

"भाऊजीला?"

"त्यानंच सुचवलं होतं."

"म्हणजे मी गोष्ट सांगायचे तवा समदे मला हसायचे." ती माझ्याकडं बघत नव्हती. "खोलीचं काही न्हाई हो. खोली काय. पण तुमी शेजारी बसून ऐकायचा."

त्याच दिवशी तिनं पुतणीकडून ते लिहिलेलं काढून टाकायला लावलं. कारण सांगितलं नाही. माझ्याशी बोलणं कामापुरतं राहिलं. मी त्या मुलाला फोन करून खरं काय ते सांगितलं, त्याच्या आईबद्दल माफी मागितली. त्याच्यापुढं बोलणं सोपं गेलं, तो अनोळखी होता.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ओटा पाहुण्यांनी भरला होता. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, ती केरळची गोष्ट होऊ द्या." बायकोनं हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला. "ती आता यांना विचारा," म्हणाली आणि आत गेली. सगळे माझ्याकडं वळले. दादाही. मी म्हणालो, मंडपवाला आलाय, बघून येतो.

ती गोष्ट त्याच ओट्यावर, दादाच्या आणि आईच्या देखत, मी माझ्या तोंडानं खरी सांगायची आहे. ती दारात उभी असताना. एवढं मी तिला अजून देणं लागतो.