गुरुवारचं भजन अन् गल्लीभराचं वायफाय

त्या दिवशी थंडी अशी होती की अल्लीपुरातली कुत्री ऊन सोडून उठेनात. अख्खी गल्ली घोंगड्या पांघरून ओट्यावर बसली होती. मीही बसलो होतो, मांडीवर लॅपटॉप घेऊन. ठरवूनच बसलो होतो: आज याच्यातली नको असलेली सगळी वायफाय काढायची!

आमच्या भजन मंडळाचे किस्से कोणी गोळा करत नाई, ते आपोआप साचतात. एका गुरुवारी घडलेल्या गोष्टीले पुढच्या गुरुवारपर्यंत मिशा फुटतात! मी शाळेत गेलो नाई, अक्षरं भजनाच्या पुस्तकावर बोट फिरवून शिकलो. म्हणून सावकाश सांगतो.

*

आमचं भजन पूर्वी दर गुरुवारी एकेका घरी असे. ज्या घरी जावं तिथलं पाणी घ्यावं, ही जुनी रीत. माझ्या पोरानं आपला जुना लॅपटॉप मंडळाले दिला, भजनं रेकॉर्ड करायले, तेव्हापासून रीत वाढली. पाण्याच्या तांब्यामागोमाग घरधनी पासवर्ड सांगे. नाई म्हटलं तर अपमान!

किराणावाल्या दिगांबरनं तर दारातच अडवलं. "चहा नाई घेतला तं चालते काका, पण आपलं वायफाय घ्याच!"

घेतलं. सगळ्यांचंच घेतलं.

*

आमचा खंजिरीवाला शामराव. लकव्यानं त्याचं डावं अंग गेलं अन् पोरगा त्याले पुण्याले घेऊन गेला. मग मंडळानं गल्लीच्या मधोमध असलेल्या देवळात स्वतःचं कनेक्शन घेतलं. आता भजन देवळातच. समोर लॅपटॉप, पडद्यावर शामराव. खंजिरी त्याची बायको धरते, तो उजव्या हातानं वाजवते. शेवटचं भजन त्याचंच.

पहिल्याच गुरुवारी शामरावनं हात उचलला अन् चित्र तिथंच थांबलं. हात वर, तोंड उघडं! पेटीवाला महादेव हळूच म्हणे, "आशीर्वाद देऊन राह्यला वाटते!"

मागच्या बायांनी खरंच हात जोडले!

हसलो खरं, पण पुढच्या प्रत्येक गुरुवारी तेच. लॅपटॉपले ओळखीचं वायफाय दिसलं की देवळाचं सोडून तिकडं उडी. या घरून त्या घरी. अन् उडी मारली की शामराव गायब.

शेवटी त्याचा फोन आला. "गड्या, माया हात दर वेळी वरच राह्यते. आता मायासाठी थांबू नोका."

मी म्हटलं, "थांबू. तू खंजिरी तापवून ठेवजो."

*

हिंगणघाटच्या एका दुकानात लॅपटॉप नेला. दुकानदार म्हणे, "फॉरमॅट मारून देतो काका. सगळं साफ!"

"सगळं म्हणजे?"

"सगळं. नवाच होते."

त्याच्यात शामरावची धडधाकट हाताची भजनं होती. मी म्हटलं, "वावरात गवत झालं म्हून मी कधी कापसाची पऱ्हाटी उपटली नाई, बाप्पा." लॅपटॉप पिशवीत घातला अन् एसटीत जाऊन बसलो.

*

उपाय सापडला घरातच. सूनबाई वंदना म्हणाली, "सोपं आहे मामाजी. नावावर जायचं अन् काढून टाकायचं. वावरात गवताचं निंदन करतो तसं, एकेक."

ती नावं वाचायले लागली. पहिल्याच नावाले मी हात धरला. "थांब. ज्याच्या घरचं पाणी प्यालो, त्याले न विचारता कसं काढू?"

"मामाजी, त्यायले कळणार बी नाई!"

"मले तं कळन नं."

मग घोंगडी सावरून निघालो. दिगांबर भडकला. "काऊन काका? माया वायफायले काय किडे पडले?"

शामरावचं सांगितलं. ऐकेना. मी त्याच्या दुकानातल्या पोत्यावर बसून राह्यलो. गिऱ्हाईक आलं की सरकायचो, गेलं की परत तिथंच. दुपारी त्याच्या पोटात कावळे ओरडायले लागले.

"काढा बाप्पा, काढा! पण उठा आता!"

*

विमलबाईले मात्र दारातूनच हळूच विचारलं. त्यांच्या वायफायले त्यांच्या मालकाचं नाव, अन् मालक दिवाळीच्या आधी वारले.

बाई म्हणाल्या, "काढा नं भाऊजी. राशन कार्डावरून निघालं, सातबाऱ्यावरून निघालं. तुमचंच काऊन राहावं?"

मी तसाच परत आलो. वंदनाले विचारलं, "नाव राहीन, पण लॅपटॉप तिकडं पळणार नाई, असं काई आहे?"

तिनं त्या नावापुढची, आपोआप जोडायची, बरोबरची खूण काढली. "आता आपण म्हटल्याशिवाय जात नाई."

ते नाव अजून आहे.

*

राह्यला शेजारी नामदेव. माझं घर अन् देऊळ, दोघांच्या मधात त्याचं घर. म्हणून सगळ्यात जास्त उड्या तिकडंच. एकटा माणूस, हातानं करून खाणारा. दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावरच्या एका बाभळीवरून आमचं बोलणं तुटलं ते तुटलंच. भजनाले येणंही त्यानं सोडलं. पण पासवर्ड बदलला नव्हता! हे मले त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं.

गेलो. तो ओट्यावर उन्हात बसला होता.

"नामदेव, तुह्यं वायफाय काढून राह्यलो. राग नोको मानू. शामरावसाठी करून राह्यलो."

त्यानं घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. मी तिथंच बाजूले बसलो. ऊन ओट्यावरून उतरलं तरी बसलो. मग घरी येऊन वंदनाले म्हटलं, "काढ."

गुरुवारी शामरावनं हात उचलला. देवळात कोणी हलेना.

थाप पडली!

मग दुसरी, मग तिसरी. शेवटचं भजन संपलं तरी गडी थांबेना. "आणखी एक!" म्हणे. महादेवची बोटं भरून आली, तिकडं बायकोचा हात भरून आला, पण शामराव काही खंजिरी खाली ठेवू देईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंगणात तोंड धूत होतो. भिंतीवरून नामदेवचं डोकं वर आलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बोलला.

"काय गा! दर गुरुवारी घरात बसून तुमचं भजन ऐकत होतो, ते तुटलं का मी उठून भाकर टाकत होतो. काल तुटलंच नाई! उपाशी झोपलो नं मी!"