गुरुपादअण्णांचे दोन कॅमेरे

गुरुपादअण्णा घरातून निघाले की त्यांच्या हातात बाजाराची पिशवी असायची आणि पिशवीच्या तोंडाशी कोथिंबिरीची जुडी. उमरग्यात नव्यानं बदलून आलेल्या माणसाला वाटायचं, या गृहस्थाला कोथिंबीर फार आवडत असावी. खरं म्हणजे कोथिंबिरीच्या खाली कॅमेरा असायचा. पूर्वी ते कॅमेऱ्याची काळी बॅग खांद्याला लावून फिरत. पण ती बॅग गल्लीत शिरली की बायका दारात येऊन एकमेकींना विचारायच्या, कुणाच्या घरी? एकदा एका आजारी म्हातारबाबांनी अण्णांना बॅगेसकट आपल्या दारासमोर थांबलेलं पाहिलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला. अण्णा शेजारच्या घरी बारशाला आले होते आणि दार चुकले होते. त्या दिवशी त्यांनी बॅग माळ्यावर टाकली. "लोकान्ला भ्या दाखवून धंदा करायचा न्हाय," म्हणाले.

भीतीचं कारण साधं होतं. आमच्या लिंगायत समाजात माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, मांडी घालून भिंतीशी बसवतात. मग घरची सगळी मंडळी शेजारी बसतात आणि फोटो निघतो. तीसेक वर्षं आमच्या भागातले हे फोटो अण्णांनी काढले. मान पुढं पडू नये म्हणून कपाळावरून पट्टी बांधून ती मागच्या खिळ्याला अडकवलेली असते. इतर फोटोवाले तसाच फोटो काढून मोकळे होतात. अण्णा फोटोपुरती पट्टी सोडायला लावत. बांधलेलं माणूस भिंतीवर बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मागं एक चादर धरायची, तिच्याआड कुणीतरी उभं राहून मान सांभाळायची, आणि अण्णा समोर बसून गेलेल्या माणसाला हळूच विचारायचे, "काढू का?" क्षणभर थांबायचे आणि मगच बटण दाबायचे.

हे काय खूळ म्हणून मी एकदा त्यांना छेडलं होतं. ते म्हणाले, "जित्या माणसाला नको म्हणता येतं, रागावता येतं. हेन्ला येत न्हाय. म्हणून हेन्ला जास्त इचारायचं."

अंगानं किडकिडीत, पांढरा सदरा, आणि डावा डोळा कायम अर्धा मिटलेला. इतक्या मढ्यांसमोर निवांत बसणारा हा माणूस कुत्र्याला मात्र विलक्षण भ्यायचा. रस्त्यात कुत्रं दिसलं की अण्णा तीन गल्ल्यांचा वळसा घालत. "गेल्यालं माणूस चावत न्हाय सर, कुत्रं चावतंय," हे त्यांचं स्पष्टीकरण. गेल्या वर्षी दुकान बंद करून ते मुलीकडं कलबुर्गीला राहायला गेले. तिथं कुत्री कमी आहेत का, हे मी फोनवर विचारलं तर हसले फक्त.

मी स्वतः सगळ्यालाच भितो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, साहेब तपासणीला आले की माझ्या हातातला खडू मोडतो. त्यामुळे काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात जे झालं ते माझ्या कुवतीबाहेरचं होतं. आईला आम्ही अव्वा म्हणतो. तिचं पोट दुखायचं म्हणून सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी मला आणि माझ्या बहिणीला आत बोलावलं, अव्वाला बाहेर बाकावर बसवलं, आणि सांगितलं की आता फार दिवस नाहीत. बाहेर येईपर्यंत आम्ही बहीणभावांनी ठरवून टाकलं होतं. तिला म्हटलं, आतड्याला सूज आहे, औषधानं जाईल. तिनं मान हलवली आणि भाकरी खाल्ली तर चालेल का, एवढं विचारलं.

त्या दिवसापासून फोन वाजला तरी मी दचकायचो. आणि त्या भीतीतून आणखी एक भीती निघाली, जी कुणाला सांगायची मला लाज वाटत होती. घरातले सगळे फोटो काढून बघितले, तर अव्वाचा चेहरा नीट दिसेल असा एकही नव्हता. माझ्या लग्नाच्या फोटोत ती कुणाच्या तरी फेट्याआड आहे, बारशाच्या फोटोत नुसता हात दिसतो, वडिलांच्या शेवटच्या फोटोत तोंड पदरात आहे. मोबाईल समोर धरला की ती तोंडावर पदर घ्यायची. आणि कॅमेऱ्यासमोर नीट बस, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? तिनं का म्हणून विचारलं असतं, तर माझ्या चेहऱ्यावर सगळं उमटलं असतं.

म्हणून मी अण्णांच्या दुकानात गेलो आणि शाळेसाठी जुना कॅमेरा पाहिजे म्हणालो. पाखरांचे फोटो काढायचेत, अशी थापही मारली. अण्णांनी कपाटातून दोन काढून काचेवर ठेवले. एक छोटा, खिशात मावणारा, लांबचं जवळ ओढणारा. त्याला ते झूमवाला म्हणत. दुसरा जुना डीएसएलआर, काळा आणि जड, बटणांवरची अक्षरं बोटांनी पुसून गेलेली.

"ह्यो झूमवाला टाकीवरचा कावळा नाकापुढं आणतो," अण्णा म्हणाले. "आवाज न्हाय, कुणाला कळत न्हाय. पर ह्येचा डोळा बारीक. सावलीत गेला की तोंडावर रवा सांडल्यागत दिसतंय. आनि ह्यो म्हातारा. दारातनं आल्याला उजेड पुरतो ह्येला. लेन्स एकच, ती लांबचं ओढत न्हाय. जवळ जायचं आसंल तर पायानं जायचं."

किती जवळ, मी विचारलं. तीन हात, ते म्हणाले. मी लगेच झूमवाला उचलला. अण्णांनी अर्ध्या मिटलेल्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं आणि पाखरू कुठलं म्हणून विचारलं. मला चिमणी सुचली. चिमणी तीन हातांवर येते की सर, ते म्हणाले, पण जास्त ताणलं नाही. आठ दिवस वापरा आणि मग ठरवा, असं सांगून त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला.

रविवारी दुपारी मी समोरच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसलो. स्वतःच्या आईवर असा दबा धरून बसलेला मी बहुधा तालुक्यातला एकमेव मास्तर असेन. खाली आमच्या अंगणात अव्वा उन्हाला बसून ज्वारी निवडत होती. मी झूम ओढत गेलो आणि तिचा चेहरा अख्ख्या पडद्यावर आला. कपाळावरच्या आठ्या, चमकीचं भोक, कानामागची पांढरी बट. मला इतका आनंद झाला की मी भराभरा बटण दाबत सुटलो. माझी बायको चहा घेऊन आली, दोघी काही बोलून हसल्या, बायको आत गेली.

दार लागल्याबरोबर अव्वानं सूप खाली ठेवलं. दोन्ही हात पोटात खुपसले, वाकली, आणि पदराचा बोळा दातांत धरला. तिचे डोळे उघडे होते आणि दाराकडं लागले होते, कुणी येतंय का बघायला. असं बराच वेळ चाललं. मग तिनं तोंड पुसलं, सूप उचललं आणि पुन्हा खडे वेचू लागली. सकाळीच तिनं मला सांगितलं होतं की आता पोट बरंय. मी टाकीला पाठ लावून कॅमेरा मांडीवर ठेवला. तोवर बोट तसंच बटणावर राहिल्यामुळे ते सगळं कॅमेऱ्यात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कॅमेरा घेऊन अण्णांकडं गेलो. त्यांनी एकेक फोटो सावकाश बघितला. मला वाटलं, चेहरा छान आलाय म्हणतील. अव्वाला ते अक्का म्हणायचे. म्हणाले, "अक्काला इचारलं का सर?"

कसं विचारणार, मी म्हणालो, विचारलं तर तिला कळेल. काय कळेल, त्यांनी विचारलं. आणि मग त्या दुकानात, पासपोर्ट फोटोच्या निळ्या पडद्यासमोर, मी त्या आजाराचं नाव पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं. रडलोही. अण्णांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि माझं होईपर्यंत ते वर केलं नाही.

"गेल्यालं माणूस काय झाकायचं, काय दाखवायचं ते सांगू शकत न्हाय," ते नंतर म्हणाले. "अक्काच्या हातात ते अजून हाय. तुमी ते लांबनं काढून आणलंत. पुसा."

मी एकेक करून सगळे पुसले.

पुसले खरे, पण शहाणपण काही आलं नाही. मी नवी युक्ती काढली. वडील तहसीलमध्ये कारकून होते, त्यांच्यामागं अव्वाला पेन्शन मिळते आणि त्यासाठी ती जिवंत असल्याचा म्हणजे हयातीचा दाखला दर वर्षी द्यावा लागतो. दाखल्याला फोटो लागतो असं सांगायचं, म्हणजे तिला संशय यायचा नाही. अण्णा "बेडा सर, बेडा" म्हणत राहिले. कानडीत नको म्हणायचं असलं की ते दोनदा म्हणायचे. पण एकट्यानं जाण्याची माझी छाती नव्हती, म्हणून ते आले. दोन्ही कॅमेरे पिशवीत, वर कोथिंबीर. आमच्या कोपऱ्यावर कुत्रं झोपलं होतं, त्यामुळे आम्ही मारुतीच्या देवळामागून लांबून गेलो.

अव्वा दाराजवळच्या खाटेवर बसून वाती वळत होती. अण्णांना बघून तिचा हात जागच्या जागी थांबला. मी एका दमात हयातीचा दाखला, पेन्शन, फोटो, सगळं बोलून टाकलं.

"हयातीचा दाखला नोव्हेंबरातच दिलाय की म्या," ती म्हणाली. "तूच ब्यांकेत घिऊन गेला हुतास. अंगठासुदिक तूच धरलास माजा."

मी मदतीसाठी अण्णांकडं बघितलं. त्यांनी पाट ओढून घेतला आणि ते खाली बसले.

"त्यो फोटू हयातीचा न्हाय बाबा," अव्वा म्हणाली. "सोलापूरला डाक्टरनं तुमा दोघान्ला आत घेतलं आन मला भाईर ठिवलं, तवाच मला कळलं. सूज आसती तर त्येनं मलाच शिव्या घातल्या आसत्या, काय खाल्लंस म्हणून."

मग बोलली का नाहीस, असं मी कसंबसं विचारलं. आम्ही बहीणभाऊ घाबरलेलो दिसत होतो, आणखी कुठं घाबरवायचं, असं ती म्हणाली. मग भिंतीकडं बघून म्हणाली, "पर मलाबी लई भ्या वाटतंय, म्हादू."

उभ्या आयुष्यात तिच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. मी खाली बसलो, तिचे पाय धरले आणि डॉक्टर जे म्हणाले ते सगळं सांगितलं. गच्चीचंही सांगितलं. ते ऐकून तिनं पदर ओढून घेतला आणि म्हणाली, "चोरावाणी?" आजाराचं ऐकताना ती शांत होती, गच्चीचा मात्र तिला खरा राग आला.

पिशवीत काय आहे म्हणून तिनं विचारलं, तेव्हा अण्णांनी दोन्ही कॅमेरे खाटेवर ठेवले आणि कुठला कशाला, ते दोन वाक्यांत समजावलं. अव्वानं झूमवाला दोन बोटांनी बाजूला सारला.

"ह्यो मोठा घ्या," ती म्हणाली. "ह्यो आल्याला कळतंय तरी."

अण्णांनी कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. तीन हातांवर मी गुडघे टेकले. चौकटीत कधी खाट यायची, कधी छत. श्वास सोडा आणि मग दाबा, अण्णा मागून म्हणाले. त्या फोटोत अव्वा हसत नाही. पदर डोक्यावर आहे, दारातला उजेड एका गालावर आहे, आणि ती किंचित घाबरून सरळ माझ्याकडं बघते आहे. घरात आज तोच लावलेला आहे.

अण्णा निघायला उठले, तसं अव्वानं त्यांना थांबवलं. "अण्णा, एक इचारायचं हुतं. बसीवल्यावर मान पडती का वो?"

"पडती अक्का. समद्यांचीच पडती."

"मंग?"

"एकजण मागनं धरतो. चादरीआड. फोटूत दिसत न्हाय."

अव्वानं माझ्याकडं बघून मान हलवली. "ह्यो न्हाय धरायचा. ह्येच्या वडलांच्या टायमाला ह्यो परसात पळून गेला. चुलत्यानं धरली मान. ह्येला भ्या वाटतं." ते खरं होतं. तेव्हा मी काही लहान नव्हतो, अडतीस वर्षांचा बाप्या होतो.

"वाटू द्या की अक्का," अण्णा म्हणाले. "भ्यालेलं माणूस घट्ट धरतंय."

अव्वा चैत्रात गेली. मधल्या चार महिन्यांत ती दुखलं की दुखतंय म्हणायची आणि मी तिच्याजवळ जाऊन बसायचो. भीती दोघांचीही कमी झाली नाही, पण आता ती एकमेकांना सांगता येत होती. शेवटच्या दिवशी तिला विभूती लावून भिंतीशी बसवलं. अण्णा आले आणि त्यांनी पट्टी सोडायला सांगितली. मी कुणाकडं न बघता चादरीमागं गेलो आणि दोन्ही हातांत तिची मान घेतली. मान थंड होती आणि माझ्या अंदाजापेक्षा जड होती. डोळे मी गच्च मिटून घेतले होते. चादरीपलीकडं कॅमेऱ्याचा आवाज झाला.

"झालं सर," अण्णा म्हणाले. "सोडा आता."

मला सोडता येईना. अण्णा चादरीच्या आत आले आणि मी आपण होऊन हात काढेपर्यंत तिथंच माझ्याजवळ उभे राहिले.