पिशवीच्या तोंडाची तपासणी

डहाणू-तलासरीत बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करत फिरणारी मी नर्स. रजिस्टरमध्ये नाव, वय आणि निकाल एवढंच मावतं. बाकी ऐकलेलं डोक्यात साठत जातं आणि चार मैत्रिणी जमल्या की बाहेर पडतं!

*

अच्छाडच्या कॅम्पात एका ढाबेवालीने आमच्या औषधाचा वास घेतला. ते पिशवीच्या तोंडाला लावून एक मिनिट थांबायचं, पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी करायची.

"अय्या, हे तर व्हिनेगर! आमच्याकडे कॅनभर पडलंय आणि मी दोन वर्षं घाबरत बसले!"

डॉक्टर मॅडमनी आधी तिला टेबलावर घेतलं, मग कॅनला हात न लावण्याची शपथ घातली.

*

झाईच्या मासळीवालीने विचारलं, "डाग म्हणजे कॅन्सरच ना?"

नाही, आणि डाग नाही म्हणजे कायमची सुटका असंही नाही, काही वर्षांनी परत यायचं, हे मॅडम पंधरा मिनिटं समजावत होत्या. ती रांगेकडे वळली. "अगं बाय, पापलेटासारखं! कल्ले फिके दिसले तरी आपण आधी दाबून बघतोच ना? आणि काल ताजं होतं म्हणून आज न बघता घेतो का?"

तेव्हापासून मॅडमही असंच सांगतात.

*

तलासरीत एक नवरा बाहेर घाम पुसत बसलेला. "सिस्टर, हा कॅन्सर ज्या व्हायरसने होतो, तो माझ्याकडून गेला असेल का?"

मी म्हटलं, "असेलही. बहुतेकांना कधी ना कधी होतो, बहुतेकदा आपोआप जातोही."

बायको हसत बाहेर आली. सगळं नॉर्मल! पण ते सांगेपर्यंत हा बिचारा तिची माफी मागून मोकळा. कशाची, ते ती अजून विचारतेय.

*

आशागडच्या शेवंताबाईंच्या तपासणीत डाग दिसला होता. त्याच व्हायरसच्या, म्हणजे एचपीव्हीच्या तपासणीसाठी सॅम्पल स्वतःच घ्यायची काडी घरी दिली. रिपोर्ट स्वच्छ! मी आनंदाने सांगायला धावले, तर त्या रडायलाच लागल्या.

सून कल्पना पुढे आली. "सिस्टर, रिपोर्ट खोटा नाही. पण तो माझा आहे."

मी संतापले. "तुझ्या रिपोर्टने सासूबाई बऱ्या होणार आहेत का?"

"तिला बोलू नका, मीच गळ घातली," शेवंताबाई म्हणाल्या. "हा व्हायरस नवऱ्याकडून येतो म्हणतात. हे दिवाळीत गेले. रिपोर्टवर शेवंता गोविंद असं छापून येणार. गेलेल्या माणसाला आता गावाने नावं ठेवायची?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्यांच्याजवळ बसून सांगितलं, की हा व्हायरस वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, कुणाकडून कधी आला हे मोठा डॉक्टरही सांगू शकत नाही. मग मॅडमना फोन केला आणि नव्या काडीवर फक्त नंबर लिहिला.

या वेळी व्हायरस निघाला. पण वेळेत कळलं. कॅन्सर झालेला नव्हता, डागावर मॅडमनी तिथेच उपचार केले.

वर्षाने परत तपासलं. स्वच्छ! मी कल्पनाकडे बघितलं तशी ती हसली. "या वेळी आईंचाच आहे हां!"

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आईंनी घरी जाऊन आधी फोटोला हार घातला म्हणाली. मग दार लावून घेतलं. हिने बाहेरून कान लावला, तर त्या फोटोला हळूच सांगत होत्या, "अहो, मी बरी झाले. तुमचं नाव कुठे आलं नाही."