मर्यादा कोणाची?

हिंगण्याच्या रस्त्यावरच्या वस्तीतली बालवाडी प्रेमिलाबाई बारा वर्षं चालवत होत्या. सकाळी भुकटीचं दूध कालवायचं, चाळीस पेले भरायचे, मग गाणी. सोव्हिएत रशियात चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली त्याला वर्ष झालं होतं, तेव्हा पेपरात आलं, की तिकडच्या गायींनी किरणोत्सारी गवत खाल्लं आणि त्यांच्या दुधाची भुकटी कुठंही पोचली असेल. बालवाडीतली भुकटीची पोती परदेशातूनच आलेली.

दुसऱ्याच दिवशी गोपिका लेकीला कडेवर घेऊन आली. "बाई, हे दूध पाजू का नको? तुम्ही सांगान तसं करतो."

प्रेमिलाबाईंनी भुकटी हुंगली, जिभेवर ठेवली. रोजच्यासारखीच गोड लागली.

त्या रामदासपेठेत गिरिधररावांकडे गेल्या. ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. देशाला वीज हवी तर अणू हवाच, असं व्याख्यानांतून ठासून सांगणारे. त्या दिवशी मात्र चाचरले. "हे नाकाजिभेला कळत नाही. इतकं थोडं मोजणारं यंत्र माझ्या कॉलेजात नाही. सरकारला नमुना मुंबईच्या अणुसंशोधन केंद्रात पाठवायला लावा."

"तोवर पाजू नको?"

"नाही पाजलं तर काय होईल, ते मात्र यंत्राशिवाय दिसतं," ते म्हणाले.

बाईंनी सरकारी कचेरीत अर्जासोबत नमुना दिला आणि दूध बंद केलं. हजेरी निम्म्यावर आली. नवव्या दिवशी गोपिकाच परत आली. "घरी कोरा चहा पाजून राहिली मी. पोरगी रडत नाही आता, नुसती पडून राहते."

बाईंनी दूध कालवायची बादली पुन्हा काढली. आयांच्या देखत पहिला पेला स्वतः प्यायल्या. त्यानं काहीच सिद्ध होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

चार महिन्यांनी उत्तर आलं. तोवर ती पोती संपली होती. बाईंनी मोठ्यानं वाचलं, "किरणोत्सार ठरलेल्या मर्यादेत आहे."

"मर्यादा मोठ्या माणसाची का लेकराची?" गोपिकानं विचारलं.

बाईंनी कागद उलटून पाहिला. "हे नाही लिहिलं वं यात."

त्यांनी तेवढंच विचारणारा दुसरा अर्ज केला. त्याला उत्तर आलं नाही. पुढं एखाद्या पोराचा ताप रेंगाळला, की प्रेमिलाबाई आईसोबत दवाखान्यात जात. डॉक्टर औषध लिहीत असताना, हे त्या दुधानं तर नसेल, हा प्रश्न ओठांवर येई. विचारून तरी ते काय सांगणार, म्हणून न विचारताच त्या चिठ्ठी घेऊन औषध आणायला जात.