रामटेके साहेबांचा मासा काय खातो

खापरखेड्याच्या वीज केंद्रात प्रेमानंद रामटेके यांनी एकतीस वर्षं पाण्यातलं मीठ काढलं. बॉयलरचं पाणी इतकं निर्मळ लागतं की मिठाचा कण गेला तरी नळ्या खराब होतात. त्या पाण्याच्या लॅबमध्ये ते केमिस्ट होते. रिटायर होऊन सक्करदऱ्याच्या घरी आले आणि सहा महिन्यांत हॉलमध्ये समुद्री माशांचं चार फुटी ॲक्वेरियम ठेवून त्यात बादल्या बादल्या मीठ कालवू लागले.

"जल्मभर काढलं, आता टाकून राहिलो," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. आतून यमुताईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज यायचा, "अन् माह्या भाजीत चिमूट जास्त पडली तं ताट सरकवते हा माणूस!"

साहेबांची बोलण्याची एक तऱ्हा होती. कुठल्याही प्रश्नाला ते दशांश चिन्हासकट उत्तर देत. "कसे आहात?" म्हटलं की, "बरा. शुगर एकशे बारा पॉइंट चार." गल्लीतली पोरं त्यांच्यामागे हात बांधून, चष्म्यावरून बघत, "माय, भूक लागली, पॉइंट सहा" असं चालवायची. पण पाण्याचा प्रश्न आला की हसणं बंद. बोअरला गढूळ आलं, आरओचं पाणी कडू लागलं, की नऊच्या नऊ घरांचा एकच ठराव: रामटेके साहेबाले विचारा. ते नळीत थेंब टाकायचे, हलवायचे, उजेडाकडे धरायचे आणि सांगायचे. सांगितलं की संपलं.

गल्लीच्या टोकाला एक जुनं सिमेंटचं टाकं होतं. बोअरच्या पाण्यानं भरायचं. कपडे, भांडी, उन्हाळ्यात कूलर, सगळं त्याच्यावर. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गल्लीत डेंग्यू झाला तेव्हा साहेबांनीच मलेरियावाल्यांकडून गप्पी मासे आणून त्यात सोडले होते. गप्पी डासांच्या अळ्या खातात. तेव्हापासून नऊ घरांत कोणाला डेंग्यूचा ताप आला नव्हता. समोरच्या जयवंताबाई रोज सकाळी टाक्यात डोकावायच्या आणि सुनेला सांगायच्या, "पाय वं प्रीती, रामटेके भाऊजीचे मासे कसे खेळून राहिले."

मग यंदा मार्चमध्ये लायनफिश आला.

मासा तीन बोटांएवढा. अंगावर तपकिरी-पांढरे पट्टे, आणि पंख असे की लग्नातल्या घोडीवरचा तुरा उघडावा. काट्यांत विष. दुकानदार साहिल बोलत होता की आरती म्हणत होता कळत नव्हतं, "काका, एकदम रॉयल पीस आहे, पण बच्चा आहे ना, हलणारंच खातो. पहिले जिंदा द्या. मग मेलेला झिंगा काडीले लावून हलवा, तो समजते जिंदा आहे. आठ-पंधरा दिवसांत आदत लागून जाते. टेन्शन नाही."

साहेबांना टेन्शन नव्हतंच. बारीक काडीला झिंग्याचा तुकडा खोचून ते काचेसमोर बसले आणि नाचवू लागले. मासा जवळ आला, पंख पसरले, पाहिलं, आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तुकडा तोंडात घेतला आणि असा थुंकला की साहेबांनीच दचकून काडी सोडली. चौथ्या दिवशी माशाचं पोट आत गेलं होतं.

साहिलच्या दुकानातले जिवंत मासे आणले, तर त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके. रोग. ते काही साहेब आपल्या टँकमध्ये जाऊ देणार नव्हते. निरोगी, तपासलेल्या पाण्यातला जिवंत मासा सक्करदऱ्यात एकाच जागी होता, आणि त्या पाण्याची तपासणी त्यांनी स्वतः केली होती.

पहाटे फिरायला जाताना त्यांनी एक बारकी जाळी आणि मुरंब्याची बरणी पिशवीत टाकली. दोन गप्पी घेतले. टाक्यात शेकडो होते. दोनानं काय होते?

लायनफिशनं गप्पीला कोपऱ्यात दाबलं, पंखांची भिंत केली, क्षणभर दोघंही हलले नाहीत. मग टप. एवढाच आवाज, आणि तोही बहुधा साहेबांच्या मनात. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी यमुताईंना हाताला धरून आणलं.

"पाणातिपाता म्हणता दर रविवारी विहारात, जीव मारणार नाही म्हणून," यमुताई म्हणाल्या, "अन् घरात हे?"

"मी कुठं मारून राहिलो? मासा खाऊन राहिला. त्याचा स्वभाव आहे तो."

आठ-पंधरा दिवसांचे चार महिने झाले. काडी कपाटाच्या वर गेली. दोनाचे चार झाले, चाराचे सहा. त्यातही साहेबांनी एक निरीक्षण केलं, अगदी केमिस्टसारखं. पोट फुगलेल्या, मोठ्या माद्या दिल्या की मासा जास्त तृप्त असतो. म्हणून ते वेचून माद्या उचलू लागले. मेमध्ये टाक्यात पाणी कमी, सगळे मासे तळाशी गोळा, काम अजूनच सोपं. पिल्लं जिच्या पोटात तीच रोज बरणीत जाते आहे, हे गणित एकतीस वर्षं गणितं केलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल, आणि त्यांनी उद्यावर टाकलं असेल.

ऑगस्टमध्ये प्रीतीला ताप आला. जयवंताबाईंची ही सून, लग्न होऊन वर्ष झालेलं, हिंगण्याच्या कंपनीत पॅकिंगला जायची. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटल. डेंग्यू. प्लेटलेट एकाहत्तर हजार. दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस. गल्लीत लोक आकडे असे विचारू लागले जसा मॅचचा स्कोअर विचारतात, फक्त खालच्या आवाजात.

मलेरियावाले आले. त्यांचा इन्स्पेक्टर एका श्वासात बोलणारा, "कूलर कुंड्या टायर फ्रिजच्या मागचा ट्रे आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा कोणाच्या घरी ताप आहे का." टाक्यात पांढरी वाटी बुडवून त्यानं वर काढली. वाटीत अळ्या वळवळत होत्या.

"याच्यात तं गप्पी होते ना? कुठं गेले?"

गल्ली टाक्याभोवती जमली होती. साहेबही होते. त्यांच्या तोंडात उत्तर होतं. त्यांनी ते गिळलं.

"लहानूनं ब्लीचिंग टाकली असन," मागून कोणीतरी म्हणालं.

लहानू सगळ्या गल्लीच्या मोटारी, बोअर, नळ बघायचा. जूनमध्ये त्यानं टाकं वरवर साफ केलं होतं. ब्लीचिंग पावडर पडली की मासे मरतात, हे सगळ्यांना ठाऊक, कारण ते साहेबांनीच सांगितलेलं. मिनिटभरात 'असन' गळून पडलं. लहानूनं ब्लीचिंग टाकली. लहानूला फोन गेला, तो आपल्या जुन्या हिरो होंडावर धडधडत आला.

"मी कायले टाकू बापा? झाडूनं गाळ काढला, बस. माहीत नाही का मले, मासे आहेत म्हणून?"

"मंग मासे काय उडून गेले?" जयवंताबाई हॉस्पिटलातून डबा घ्यायला आल्या होत्या, डोळे सुजलेले. "माही सून तिथं पडली आहे, लहानू. खोटं नको बोलू."

"बाई, माह्या पोरीची शपथ."

"पोरीले मधात नको आणू!"

मग सगळे वळले. नऊ घरं, एक इन्स्पेक्टर आणि लहानू, एका माणसाकडे.

"साहेब, तुमी तपासून सांगा," लहानूच म्हणाला. सगळ्यात आशेनं तोच बघत होता.

साहेबांनी किट आणली. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. पाणी नितळच राहिलं. लहानूनं श्वास सोडला.

"पण साहेब, जूनची पावडर आतापर्यंत राहीन का?" कोणीतरी विचारलं.

"नाही," साहेब म्हणाले. "क्लोरीन उडून जाते. आता काही सांगता येत नाही."

वाक्य शंभर टक्के खरं होतं. लॅबच्या रजिस्टरमध्ये लिहिलं असतं तर कोणी खोडलं नसतं. त्या खऱ्या वाक्यानं लहानूचं काम नऊ घरांतून सुटलं.

तीन दिवसांनी संध्याकाळी लहानू साहेबांच्या दारात उभा राहिला. चपला बाहेर काढल्या, आत आला, बसला मात्र नाही.

"साहेब, एक कागद लिहून द्या ना. पाण्यात काही नाही निघालं म्हणून. पलीकडच्या लेआउटमधल्या घरांतही बोलून राहिले लोक. आज दोन ठिकाणावून परत आलो."

साहेबांच्या हातात बरणी होती. शेवटचे दोन गप्पी. त्या सकाळी टाक्यात जाळी फिरवून फिरवून एवढेच मिळाले होते, आणि लायनफिश काचेला तोंड लावून त्यांचीच वाट पाहत होता.

"अरे वा," लहानू वाकून पाहू लागला. "हा खाते का? द्या ना, मी पायतो."

साहेबांनी दोन्ही सोडले. बरणीतलं पाणी गालिच्यावर सांडलं. पंख पसरले. टप. थोड्या वेळानं पुन्हा टप.

"भल्ला कारागीर आहे गा!" लहानू खुश होऊन हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा हसला असेल. मग म्हणाला, "आपल्या टाक्यातल्यावानीच होते हे. दुकानातून आणता का?"

"हो," साहेब म्हणाले.

"कागद?"

"उद्या ये. लिहून ठेवतो."

लहानू गेला. यमुताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात पिठाचा गोळा तसाच.

"पहिलं शील माशानं मोडलं म्हणता," त्या म्हणाल्या. "चौथं कोणं मोडलं आत्ता?"

चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं. काचेत मासा तरंगत होता, पोट गच्च, डोळे गोल. त्याला कशाचंच काही नव्हतं. साहेबांना एकदम त्याचा राग आला, मग त्या रागाची लाज वाटली. त्यांनी शर्ट घातला.

"कुठं?"

"दवाखान्यात."

जयवंताबाई वॉर्डच्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्या दिवशीचा आकडा अठ्ठावीस हजार होता, सकाळीही अठ्ठावीस, म्हणजे निदान खाली गेला नव्हता. साहेबांना पाहून त्या सरकल्या, जागा केली.

"या भाऊजी. तुमी आले, बरं वाटलं."

साहेब बसले नाहीत. उभ्यानंच सांगितलं. कधीपासून, कशी जाळी, कशी बरणी, माद्या वेचून कशा घेतल्या. एकही पॉइंट नव्हता त्या सांगण्यात. मध्ये एक नर्स ट्रॉली घेऊन गेली, "बाजूला व्हा काका," म्हणाली, ते बाजूला झाले आणि पुढे सांगत राहिले.

जयवंताबाईंनी सगळं ऐकलं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर साहेबांना सोपं गेलं असतं.

"सहाच्या सहा त्या एका माशाले?" त्यांनी एवढंच विचारलं.

"रोज."

"अन् लहानू?"

"त्यानं काही टाकलं नव्हतं."

"मी त्याले काय काय बोल्ली, भाऊजी. त्याच्या पोरीवर गेली." त्यांनी पदराची कड बोटाभोवती गुंडाळली, सोडली. "हे मले कायले सांगून राहिले इथं, कोपऱ्यात? मले सांगून माही प्रीती उठणार आहे का? ज्या ज्या घरानं त्याचं काम बंद केलं, त्या त्या घरी जा अन् सांगा. त्याले संग घेऊन. उद्या सकाळीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी लहानू आला तो कागद न्यायला. साहेबांनी कागदाऐवजी त्याला तोंडानं सांगितलं. लहानूनं ॲक्वेरियमकडे पाहिलं.

"काल मी इथंच उभा होतो, साहेब," तो म्हणाला. "हसून राहिलो होतो."

मग दोघं निघाले. साहेब पुढे, लहानू दोन पावलं मागे, हात पँटच्या खिशात. पहिल्या घरी साहेबांनी पाच मिनिटं सांगितलं. त्या घरची बाई म्हणाली, "असं कसं हो साहेब, तुमी!" आणि त्यांनाच पाणी आणून दिलं. दुसऱ्या घरी मालक हसला, "म्हणजे गल्लीचे मासे साहेबाच्या माशानं खाल्ले? व्वा रे व्वा!" आणि मग लहानू मागे उभा दिसल्यावर त्याचं हसू विरलं. तिसऱ्या घरी दार उघडलं, ऐकलं, आणि लावून घेतलं. चौथ्या घरी म्हाताऱ्यानं साहेबांचीच बाजू घेतली, "जाऊ द्या हो, मुद्दाम थोडीच केलं," तेव्हा लहानू पहिल्यांदा बोलला, "आजोबा, मीही मुद्दाम नव्हतं केलं. मी तं केलंच नव्हतं."

घर बदललं की साहेबांचं सांगणं आखूड होत गेलं. आधी त्यातून लायनफिशचा स्वभाव गेला. मग साहिलच्या दुकानातला रोग गेला. मग आठ-पंधरा दिवस गेले. सातव्या घरापर्यंत तीनच वाक्यं उरली. मासे मी नेले. माह्या माशाले खाऊ घातले. लहानूनं काही केलं नाही.

शेवटचं घर नत्थूजींचं. पंचाऐंशी वर्षांचे, दोन्ही कानांनी अधू, आणि यंत्र लावलं की डोकं दुखतं म्हणून न लावणारे. ते ओसरीवर पेपर वाचत बसले होते. साहेबांनी त्यांच्यासमोर वाकून तीन वाक्यं म्हटली.

"आँ?"

साहेबांनी पुन्हा म्हटली.

"जोरात बोला ना साहेब! कुजबुजता काहून? काय चोरी केली का?"

शाळेची वेळ होती. गल्ली भरलेली. सायकली, रिक्षा, दप्तरं, टाक्यापाशी बादल्या घेतलेल्या बाया. जयवंताबाई रात्रीची जागरणं डोळ्यांत घेऊन आपल्या फाटकाशी पोहोचल्या होत्या. साहेबांनी मागे वळून लहानूकडे पाहिलं. लहानूनं नजर वळवली नाही, हातही खिशातून काढले नाहीत. तो वाट पाहत होता.

रामटेके साहेबांनी चष्मा काढला, छाती भरून श्वास घेतला, आणि ओरडले.