संग्रहाला नाव कुणाचं?

मंडळी, आज सांगलीत सुमनकाकूंकडे गेलो होतो. काकांनी जमवलेल्या शिवराया, म्हणजे तांब्याची जुनी नाणी, ते वारल्यावर लिलावाला द्यायचं काकूंनी ठरवलंय. लिलावासाठी छापायची यादी मी करतोय.

प्रत्येक नाण्याच्या पाकिटावर ते कुठून, कुणाकडून आलं ते लिहिलेलं. लिलावात या माहितीला फार मान असतो.

"काकांचं अक्षर किती सुंदर!" मी म्हणालो.

काकू हसल्या. "माझं हाय ते. त्यांना लिवायचा लय कंटाळा. ते सांगायचे, मी लिवायची."

मी यादीवरचं काकांचं एकट्याचं नाव खोडून 'बाळासाहेब आणि सुमन यांचा संग्रह' असं लिहिलं.

काकूंनी यादी हातात घेतली. "लग्नपत्रिकेनंतर आत्ताच छापतंय बघ, दोघांचं नाव एकत्र."

तुमच्या घरात असं कुणाचं नाव राहून गेलंय?